रोज तीन कलमं

पत्र :

‘बाई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, वय ३६. घरची १४० हापूसची कलमं आणि थोडी भातशेती. मे महिन्यात आंबे उतरवताना फांदी मोडली आणि खाली आलो. उजव्या नडगीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. डॉक्टर म्हणाले, किमान बारा आठवडे पायावर भार द्यायचा नाही, पुढचं एक्स-रे बघून. आठ आठवडे झाले. सुरुवातीला माणसं यायची, आता पावसात कोण येणार? भाताची लावणी चालू आहे. बायको आणि सत्तरीची आई चिखलात आणि मी माजघरात खाटेवर. बसून खातोय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघतो, सकाळी दहाला उठतो. उमेद देणारे व्हिडिओ बघितले की दहा मिनिटं अंगात येतं, मग परत तेच. परवा लेकीवर (तिसरीत आहे) उगाच ओरडलो. भजनात झांज वाजवायचो, तेही बंद. चतुर्थीपर्यंत चालायला लागेन, या एका आशेवर दिवस ढकलतोय. घरात पडून राहून उमेद टिकवायची कशी?’

उत्तर :

तू मला बाई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. तीस वर्षं शाळेत गेली, तुझ्या वयाचे कितीतरी जण माझ्या हाताखालून गेलेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पायासाठी आणि दुसऱ्यांदा त्यातल्या दोन शब्दांसाठी. ‘बसून खातोय.’ आपल्याकडे हे दोन शब्द शिवीसारखे आहेत. लहानपणापासून आपण ते दुसऱ्याबद्दल ऐकतो आणि एक दिवस अंथरुणावर पडून ते स्वतःबद्दल म्हणतो. तुझं दुखणं पायाचं आहेच. पण तुझी उमेद जी गेली आहे, ती या दोन शब्दांपाशी गेली आहे. उमेद टिकवायची कशी, असं तू विचारतोस. मला वाटतं, तुला विचारायचंय ते असं : या घराला माझा आत्ता काही उपयोग आहे का? आहे. तो कसा, ते सांगते. पण त्याआधी माझ्या घरातलं थोडं सांगते.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. रात्रीची दापोली-मुंबई गाडी वर्षानुवर्षं चालवली. निवृत्तीला चार वर्षं असताना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. नंतरचे तीन पावसाळे ते घरातच होते. पहिले सात महिने मी सगळं हातात दिलं. चहा, ताट, औषध, पाठीला उशी. मला वाटायचं, मी सेवा करतेय. आणि ते दिवसभर कशा ना कशावरून भडकायचे. रेडिओ मोठा का, दार उघडं का, चहा गार का.

श्रावणातली एक दुपार मला अजून दिसते. पाऊस असा की समोरची नारळाची झाडं दिसेनात. उन्हाळ्यात लाल मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या धुऊन उकडल्या होत्या आणि पाटी घेऊन यांच्या खाटेजवळ सोलत बसले होते. तेवढ्यात गोठ्यात वासरू सुटलं. पाटी खाटेवरच टाकून पळाले. परत आले तर यांनी एक आठळी लुळ्या उजव्या मनगटाखाली, मांडीवर दाबून धरली होती आणि डाव्या अंगठ्याच्या नखाने तिचं पांढरं साल ओढत होते. आठळी उकडलेली, निसरडी. सुटली आणि खाटेखाली गेली. दुसरी घेतली. ‘राहू द्या हो, मी करते,’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कसं कोण जाणे, मी गप्प बसले. अर्ध्या तासात त्यांनी सात आठळ्या सोलल्या. सात! रात्री मुलाचा मुंबईहून फोन आला, तेव्हा हे तब्येतीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, आज आठळ्यांची भाजी होती, मी सोलल्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मला विचारलं, ‘आज काय आहे?’

हात शेवटपर्यंत परत आला नाही. चिडचिडही पूर्ण गेली नाही. पण दुपारचे दोन वाजले की त्यांना पाटी लागायची. चवळीच्या शेंगा, लसूण, निवडायचे तांदूळ, काहीही. आणि मला कळलं की सात महिने मी त्या माणसाच्या हातून एकेक काम काढून घेत होते.

तू व्हिडिओंबद्दल लिहिलंस, ते खरंच आहे. दहा मिनिटं अंगात येतं आणि उतरतं, कारण त्यानंतर हाताला काही नसतं. आपण समजतो की आधी हुरूप यावा, मग काम करू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो आधी येत नाही. काम सुरू केल्यावर, तेही तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तो हळूच मागून येतो. उदासीने ग्रासलेल्या माणसांवर उपचार करताना मानसतज्ज्ञसुद्धा याच क्रमाने जातात. मन तयार होण्याची वाट न बघता ठरल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायला लावतात. म्हणून हुरूप आलाय की नाही, हे रोज सकाळी तपासत बसू नकोस.

आमच्या हर्णैच्या बंदरात आत्ता जाऊन बघ. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे ६१ दिवस. होड्या वर ओढून, शाकारून ठेवलेल्या. पण ज्यांचा सगळा जन्म पाण्यावर गेला, ती माणसं घरात बसून जाळी दुरुस्त करतात. फाटलेले डोळे शोधायचे, गाठी मारायच्या, दोर बदलायचे. त्यांना कुणी ‘बसून खातोय’ म्हणत नाही आणि तेही स्वतःला म्हणत नाहीत. कारण नारळी पुनवेनंतर होडी पाण्यात गेली की ते जाळं लागणार आहे. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांना पावसाळ्याचं काम नेमलेलं आहे, तुला ते कुणी नेमून दिलेलं नाही. तर ते मी देते.

तुझी १४० कलमं आहेत. त्यांची वही आहे का? मला खात्री आहे, नाही. बहुतेक बागायतदारांची सगळी बाग डोक्यात असते. कुठलं कलम यंदा फळलं आणि कुठलं विश्रांतीला गेलं, हे तुला पाठ आहे. हापूस वर्षाआड फळतो, तेव्हा पुढच्या हंगामाचा सगळा अंदाज याच माहितीवर बांधायचा असतो. आणि ही माहिती एका माणसाच्या डोक्यात आहे, जो मे महिन्यात फांदीवरून खाली आला. घाबरवायला म्हणत नाही. पण तुझ्या बायकोला उद्या गड्यांकडून फवारणी करून घ्यायची झाली, तर तिला कुठली झाडं आधी ते माहीत आहे का?

एक दोनशे पानी वही मागव. प्रत्येक कलमाला एक पान. वर त्याचं घरात जे नाव असेल ते लिही. विहिरीवरचं, गडग्याकडचं, आजोबांचं, जे असेल ते. मग लिही की कुणी लावलं, साधारण वय किती. यंदा मोहोर केव्हा आला, दुसरा आला का, थंडी लांबली तेव्हा त्याने काय केलं. तुडतुडा कुठल्या बाजूला जास्त होता. किती पेट्या निघाल्या. फळात साका, म्हणजे आतला पांढरट, स्पंजासारखा गर, निघाला का, आणि तो चौदा आणे, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढलेल्या फळात होता की झाडावर जास्त पिकू दिलेल्या. खोडाला भिरूड किडा लागलाय का, बांडगूळ कुठल्या फांदीवर आहे. यंदा खत पडलं की तू पडल्यामुळे राहिलं. जे आठवत नसेल ती जागा कोरी सोड आणि संध्याकाळी आईला विचार. तिला तुझ्यापेक्षा जुन्या गोष्टी आठवत असतील.

रोज तीनच कलमं. याबद्दल मी हट्टी आहे. पहिल्या दिवशी तुला वीस लिहाविशी वाटतील. लिहू नकोस. अंथरुणावरच्या माणसाचा हा नेहमीचा घात आहे : एका दिवशी सगळं, मग पाच दिवस काही नाही, मग स्वतःलाच दूषणं. तीन झाली की आणखी लिहावंसं वाटत असतानाच वही मिटायची, म्हणजे उद्या ती उघडाविशी वाटते. एखादा दिवस वाया जाईलच. पाय ठणकत असेल, लाईट नसेल, मन काळं झालेलं असेल. तो दिवस सोडून द्यायचा. पण दुसऱ्या दिवशी सहा करायची नाहीत, तीनच. रोजची तीन म्हणजे ४७ दिवसांत बाग पूर्ण होते. काही दिवस बुडाले तर साठ होतील, आणि साठ झाले तरी चालेल.

वही झाली की वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या आहेत. पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेल्या असतील, बहुतेक घरांत तशाच असतात. कुठल्या दलालाने कुठल्या तारखेला पेटीला काय दिलं, भाडं, हमाली, अडत किती गेली, हे एका कागदावर मांड. आणि कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव आपल्या पेटीवर वापरायचं तर बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते. ती केली नसशील तर त्याचे कागद जमवायला या पावसाइतका निवांत वेळ तुला परत मिळणार नाही. पण हे सगळं वहीनंतर. आधी वही.

आता दिवसाची घडी. पहिलं म्हणजे खाट माजघरातून पडवीत हलवून घे. जिथून वाट दिसते तिथे, शिंतोडे येणार नाहीत इतकी आत. अंधाऱ्या माजघरात सकाळ झालेली शरीराला कळतच नाही, आणि जाग-झोपेचं चक्र उजेडावर चालतं. शिवाय वाटेवरून जाणारा माणूस हाक मारतो. मुद्दाम घरात येऊन चौकशी करणं पावसात होत नाही, पण इरलं की छत्री सावरत ‘काय रे, बरं आहे?’ एवढं प्रत्येक जण विचारतो. दिवसाला अशा चार हाका पुष्कळ असतात.

दुसरं, सकाळची पेज सगळ्यांबरोबर जेवायची. बायको आणि आई शेतावर जायच्या आधी. दहाला उठतोस म्हणजे त्या गेलेल्या असतात आणि तू रिकाम्या घरात डोळे उघडतोस. रिकाम्या घरात जाग येणं फार वाईट. पेजेला हजर राहायचं तर रात्री झोपावं लागेल, आणि त्याला उपाय एकच आहे, मोबाईल रात्री दहाला आईच्या उशाशी चार्जिंगला. तुझ्या मच्छरदाणीत तो नको. पहिल्या चार-पाच रात्री झोप येणार नाही, पडून राहा. सकाळी कितीही कमी झोप झाली असली तरी पेजेला ऊठ. आठवड्यात झोप आपोआप अलीकडे सरकेल. दिवसा मोबाईल बघू नकोस असं मी म्हणणार नाही, ते होणारही नाही. मात्र वहीतली तीन पानं मोबाईलच्या आधी.

तिसरं, स्वयंपाकघर. वॉकर घेऊन ओट्याशी उभं राहायचं नाही, परत पडशील. टेबलाशी बसून होण्यासारखं कितीतरी आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसणारी खवणी मिळते, ती आणव. नारळ खवणं, कांदा, लसूण, सुकट साफ करणं, रात्री कुळीथ भिजत घालणं. बायको दोन वाजता कमरेपर्यंत भिजून घरात शिरते, तेव्हा वाटपाचं खोबरं खवलेलं असणं म्हणजे काय, हे मला विचार. तिचा अर्धा तास वाचतो, तो एक भाग झाला. पण आपली कुणीतरी आठवण ठेवली, हे तिला त्या ओल्या अंगाने कळतं. आई म्हणेल, पुरुषाने कशाला. म्हणू दे. चार दिवसांनी तीच खोबरं मागेल.

तुझ्या बायकोबद्दल तू पत्रात एकच वाक्य लिहिलंस, ती चिखलात आहे. मी तिच्या जागी तीन पावसाळे होते, म्हणून सांगते. तिला तुझा राग नाही, तुझ्या गप्प बसण्याची भीती आहे. ती शेतातून येताना आधी तुझं तोंड बघते, मग पाय धुते. संध्याकाळी तिला विचार, आज भाताचा कुठला कुणगा लावून झाला, तरव्याची रोपं पुरली का, कोण कोण आलं होतं. शेत तुझंही आहे, चौकशी केल्याने तू त्यात राहतोस. आणि तिला एकदा सरळ सांग की मला लाज वाटते. हे शब्द पुरुषांच्या तोंडून निघत नाहीत, मला ठाऊक आहे. यांच्याही निघाले नाहीत, रागच निघत राहिला, आणि मी कित्येक महिने तो खरा राग समजत होते.

लेकीची माफी माग. ‘मी उगाच ओरडलो, तुझं काही चुकलं नव्हतं,’ एवढंच. तिसरीतल्या पोरीला ते पूर्ण कळतं. बक्षीस, चॉकलेट काही नको. मग तिला वहीच्या कामात घे. मधल्या दोन पानांवर बागेचा नकाशा तिने काढायचा. गडगा, विहीर, वाट आणि एकेक कलम. आज लिहिलेल्या तीन कलमांना तिने हिरवा रंग द्यायचा. तुझं एखादं वाकडं झाड ती चुकीच्या बाजूला काढेल, त्यावरून वाद होईल, होऊ दे. संध्याकाळची ही वीस मिनिटं शाळेच्या अभ्यासापेक्षा कमी नाहीत, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

मित्र आपणहून येत नाहीत, तर बोलावून घे. पण ‘भेटायला या’ म्हणू नकोस, आजारी माणसाला भेटायला जाताना माणसं बुजतात. चतुर्थीच्या भजनांची तालीम कुठेतरी होणारच आहे. ती आठवड्यातून एक दिवस तुझ्या पडवीत ठेवायला सांग. पाय उशीवर लांब ठेवून झांज वाजवता येते.

आणि चतुर्थी. इथे मी तुझ्या मनाविरुद्ध बोलणार आहे. तारखेची आशा सोड. हाड जुळायला तीन-चार महिने लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि हाडाला तिथी कळत नाही. चतुर्थीला चालेनच असं धरून बसलास आणि एक्स-रेनंतर डॉक्टरांनी आणखी चार आठवडे सांगितले, तर गणपती घरात असताना तू भिंतीकडे तोंड करून पडशील. गणपती बसेल तेव्हा तू कदाचित वॉकरवर असशील, कदाचित खुर्चीत. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला स्टुलावर चढणार नाहीस, एवढं नक्की. खाली बसून कुठली फळं, कुठल्या वेली कुठे बांधायच्या ते सांगशील. असा गणपती आत्ताच डोळ्यांसमोर आणून ठेव. लवकर बरा झालास तर आनंदच.

शरीराचं थोडक्यात सांगते, कारण ते डॉक्टरांनी सांगितलं असेल. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम, घोटा वर-खाली करणं, मांडी आवळून पाच अंक मोजणं, हे कंटाळवाणे आहेत आणि त्यांनीच मांडी वाळायची थांबते. पावसामुळे जाणं होत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बघतील का, विचार. पोटात पेजेबरोबर कुळथाची पिठी, अंडी, मासे जाऊ देत. नाचणीची भाकरी रोज असू दे, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तंबाखू, विडी, सिगारेट यांतलं काही असेल तर ते मात्र आजपासून बंद. त्याने हाड जुळायला खरोखर उशीर होतो. पोटरी अचानक सुजली, दुखून कडक झाली किंवा धाप लागली, तर पाऊस कितीही असो, गाडी करून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. मी सांगितलेलं सगळं दोन आठवडे मनापासून करून बघ. तरी दिवसभर काळोख वाटत असेल, अन्नावरची वासना गेली असेल किंवा आपण नसतो तर बरं असं एकदा जरी मनात आलं, तर ते घरातल्या कुणाला तरी त्याच दिवशी सांग आणि १४४१६ ला फोन कर. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. मनात तसं आलंच, तर दोन आठवडे थांबायचंही कारण नाही. पाय मोडला तेव्हा तू डॉक्टरकडे गेलास, तसंच हे.

वही आली की पहिल्या पानावर कुठलं कलम घेतलंस, ते मला कळव. ज्या फांदीवरून पडलास ते पहिलं घेऊ नकोस, त्याला अधेमधे कुठेतरी येऊ दे. आणि वॉकरच्या पायांची रबरं उलटी करून बघ. आठ आठवड्यांत ती झिजून गुळगुळीत झाली असतील, आणि पडवीतून न्हाणीकडे जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर या दिवसांत शेवाळ असतं. औषधाच्या दुकानात ती सुटी मिळतात. उद्या बाजारात जाणाऱ्या कुणाला तरी चारही आणायला सांग.